देवमाशाचं सुतक

अण्णांच्या कपाटात शाळेची एक दोनशे पानी वही आहे. मालगुंडच्या घरी गेले की मी ती काढून बसते. पट्टीने आखलेले चार रकाने: तारीख, गाव, लांबी, पुढे काय झालं. कोकणच्या किनाऱ्याला देवमासा लागल्याची बातमी वाचली की अण्णा तिथे नोंद करतात. जून २०१५, रेवदंडा, बेचाळीस फूट, निळा देवमासा. लांबची एखादी बातमी मोठी वाटली तर तीही येते. जानेवारी २०१६, तामिळनाडू, तिरुचेंदूर ते मणप्पाड, ऐंशीच्या वर पायलट व्हेल. शेवटच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी एकच शब्द असतो, वर्तमानपत्रातून जसाच्या तसा उतरवलेला: विल्हेवाट.

एक नोंद मात्र रकान्यात मावलेली नाही. नोव्हेंबर २०२३, गणपतीपुळे. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी देवमाशाचं एक पिल्लू वाळूवर येऊन पडलं. अण्णा तेव्हा त्र्याहत्तर वर्षांचे. दोन दिवस ते किनाऱ्यावरच होते, बादल्या भरून देणाऱ्यांच्या रांगेत. ओली कापडं त्याच्या पाठीवर घालायची, ती वाळली की पुन्हा भिजवायची. पाण्यात तरंगणारा तो देह जमिनीवर आला की स्वतःच्याच वजनाखाली दबतो, छाती उचलली जात नाही, अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. जवळपास चाळीस तासांच्या धडपडीनंतर त्याला ओढून खोल पाण्यात सोडलं. टाळ्या वाजल्या, लोक रडले. पण दुधावरचं लेकरू, आई सोबत नाही. ते वाचलं नाही.

त्यानंतर अण्णा बरेच दिवस गप्प होते. आई म्हणायची, घरातलं कुणी गेल्यासारखे वागतायत. व्हिएतनाममधले कोळी किनाऱ्याला लागलेल्या देवमाशाचं सुतक पाळतात, हे मी कुठेतरी वाचलं आणि पंचाहत्तरीला त्यांना तिथे घेऊन जायचं ठरवलं.

पहिला दिवस

मुंबईहून हो ची मिन्ह सिटीला थेट विमान आहे. ई-व्हिसा घरबसल्या मिळाला. शहराबद्दल फार लिहीत नाही. तिथले लोक अजूनही त्याला सायगावच म्हणतात, आणि रस्ता ओलांडताना दुचाक्यांच्या लोंढ्यात एका चालीने, न थांबता चालत राहायचं असतं. संध्याकाळी तामिळ लोकांनी बांधलेल्या मारिअम्मनच्या देवळात गेलो. हार, उदबत्त्या घेऊन आलेले बहुतेक जण व्हिएतनामीच होते. अण्णांनी नमस्कार केला आणि लवकर झोपू म्हणाले, सकाळची गाडी गाठायची होती.

दुसरा दिवस

फान थियेत या समुद्राकाठच्या गावाला रेल्वेने साधारण चार तास लागतात. नवा द्रुतगती मार्ग झाल्यापासून बस लवकर पोचते, पण अण्णांना खिडकी हवी होती. शेवटच्या तासाभरात दोन्ही बाजूंना ड्रॅगन फ्रूटच्या बागा लागल्या. सिमेंटच्या खांबांवर चढवलेले, छत्रीसारखे पसरलेले निवडुंग, रांगाच रांगा. हंगाम नसताना फुलं धरावीत म्हणून रात्री या बागांमध्ये दिवे लावतात. परतीच्या वाटेवर ते पाहिलं, कोसभर शेत पिवळ्या उजेडात.

फान थियेतचा वास स्टेशनच्या बाहेरच गाठतो. हे नुओक मामचं गाव. छोटे मासे आणि मीठ, तिनास एक असं लाकडी पिंपांत भरून वर्षभर ठेवतात आणि खालून जो अर्क निघतो तो इथल्या प्रत्येक जेवणात. मी नाकाला रुमाल लावला. अण्णांनी मोठा श्वास घेतला आणि म्हणाले, "बाय, हा आपल्या खारवलेल्या बांगड्याच्या माठाचा वास."

संध्याकाळी का टी नदीच्या काठाने चाललो. नदीत निळ्या-लाल लाकडी होड्या अंगाला अंग लावून उभ्या, नाळेवर दोन्ही बाजूंना रंगवलेले मोठे डोळे. मधून मधून वेताच्या गोल टोपल्या फिरत होत्या. त्या टोपल्या म्हणजे त्यांच्या लहान होड्या. एक बाई त्यात उभी राहून एकाच वल्ह्याने पाणी घुसळत किनाऱ्याला आली, जाळं खांद्यावर घेतलं आणि टोपली वाळूवर पालथी घातली. अण्णा तिच्याकडे बघत कितीतरी वेळ उभे होते.

तिसरा दिवस

ज्यासाठी आलो तो दिवस. वान थ्वी तू हे देऊळ गावातच आहे, न्गू ओंग नावाच्या रस्त्यावर. वान म्हणजे कोळ्यांची जमात, आपल्याकडे कोळीवाड्याची पंचायत असते तशी. देऊळ १७६२ सालचं. तेव्हा समुद्र दारापर्यंत होता, आता मध्ये वस्ती आली आहे. कौलारू छप्पर, खाली दाबलेलं, जाड खांब. आत शिरताना वाकावंसं वाटतं.

देवाचं नाव का ओंग. का म्हणजे मासा. ओंग म्हणजे आजोबा, आणि मोठ्या माणसाला आदराने मारायची हाकही तीच. समुद्रावर असताना त्याचं नुसतं नाव कुणी घेत नाही. तुफानात सापडलेल्या होडीला तो पाठीचा आधार देऊन किनाऱ्याला आणतो अशी श्रद्धा आहे. पुढे सम्राट झालेला न्गुयेन आन्ह शत्रूपासून पळताना वादळात सापडला आणि देवमाशाने त्याची नाव वाचवली अशी कथा सांगतात. त्याच्या घराण्यातल्या राजांनी या देवळाला दिलेली चोवीस फर्मानं इथे जपून ठेवली आहेत. एका माशाच्या देवळाला चोवीस राजपत्रं.

देवळाची व्यवस्था बघणारे एक वृद्ध गृहस्थ भेटले. फोनवरच्या भाषांतराच्या ॲपने जमेल तेवढं जमलं, नंतर हॉटेलातल्या मुलीने बाकीचं समजावून सांगितलं. आम्ही भारतातून, समुद्राकाठच्या गावातून आलोय आणि वडिलांनी देवमाशाच्या पिल्लाला पाणी घातलंय, एवढं त्यांना कळलं मात्र, त्यांनी अण्णांचा हात धरला आणि सोडलाच नाही.

बाजूच्या दालनात तो सांगाडा आहे. बावीस मीटर. दोन एसट्या एकापुढे एक उभ्या कराव्यात तेवढा. जिवंतपणी वजन पासष्ट टनांच्या आसपास असावं असा अंदाज आहे. जात फिन व्हेलची. देऊळ उभं राहिलं त्या काळात तो इथल्या किनाऱ्याला लागला असं सांगतात. लोकांनी पुरला, यथाकाळ बाहेर काढला, आणि सुटी हाडं पिढ्यान् पिढ्या देवळात राहिली. २००३ मध्ये न्या चांगच्या समुद्रविज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांनी ती जुळवून पूर्ण सांगाडा उभा केला.

डोक्याकडून सुरुवात केली तर खालच्या जबड्याच्या दोन कमानी आधी येतात, एखाद्या वेशीसारख्या. मग फासळ्या. मग कण्याचे मणके, आधी पाटाएवढे, मग तांब्याएवढे, शेपटीकडे येता येता मुठीएवढे. एका मणक्याजवळ मी वाकून पाहिलं. हाड गुळगुळीत असेल असं वाटलं होतं, पण ते भोकाभोकांचं, खरबरीत, तांबूस पिवळं होतं. अगदी आमच्या विहिरीच्या कठड्याचा जांभा. अण्णा वल्ह्यासारख्या पुढच्या पराच्या हाडांपाशी थांबले होते. त्या परात हात असतो, माणसासारखा. दंड, मनगट, बोटांच्या पेरांची ओळ. अण्णांनी आपला पंजा उघडून त्या हाडांसमोर धरला, स्पर्श न करता.

"पुळ्याच्या त्या पिल्लाचा हा भाग वाळूत रुतला होता," ते म्हणाले. "आम्हाला वाटायचं तो पर हलवतोय. तो हात टेकायला बघत होता बाय."

मला काही बोलता आलं नाही.

पुढच्या गाभाऱ्यात, वेदीमागच्या कपाटांमध्ये, आणखी शंभरावर देवमाशांचे अवशेष आहेत. त्यांना ते जे नाव देतात त्याचा अर्थ रत्नासारख्या अस्थी. मराठीत जनावराची ती हाडं आणि माणसाच्या त्या अस्थी, हा फरक आपण बोलताना आपोआप करतो. इथे सगळ्या अस्थी आहेत. मरणाचा शब्दही वेगळा. मासा मेला असं देवमाशाबद्दल कुणी म्हणत नाही, त्याच्यासाठी लुई हा खास शब्द आहे. ओंग लुई. आजोबा निवर्तले.

मग काय करतात, ते वृद्ध गृहस्थांनी बोटं मोजत सांगितलं. समुद्रात किंवा किनाऱ्यावर ज्याला तो पहिल्यांदा दिसेल, तो त्याचा थोरला मुलगा. त्या माणसाचं नाव, जात, होडी कुठली, काही बघत नाहीत. त्याने डोक्याला सुतकाचं फडकं बांधायचं. देहाला भाताच्या दारूने आंघोळ, कापडात गुंडाळणं, उदबत्त्या, वाद्यं, मिरवणूक, पुरणं. शंभराव्या दिवशी विधी. साधारण तीन वर्षांनी अस्थी बाहेर काढायच्या, पुन्हा दारूने धुवायच्या, देवळात आणायच्या. तोवर थोरल्या मुलाचं सुतक चालू, आईबापाचं पाळावं तेवढं. या देवळाचं अंगण हीच पूर्वी दफनाची पवित्र जागा होती. म्हणजे सकाळी आम्ही चपला काढून ज्या जमिनीवरून चालत आलो, तीच.

अण्णांनी विचारलं, थोरला मुलगा व्हायला कुणी नको म्हणतं का? ॲपने काय भाषांतर केलं कोण जाणे, पण ते आजोबा आश्चर्याने बघत राहिले. मग म्हणाले, ज्याच्या नशिबात असतं त्यालाच तो दिसतो.

बाहेर येऊन आम्ही पायरीवर बसलो. अण्णा म्हणाले, "देवमासा. नावातच देव. आपल्या आज्यापणज्यांनी काहीतरी बघूनच ठेवलं असेल ना? आणि आता या देवमाशाची बातमी कधी येते? उलटी पकडली की." खरंच आहे. किलोचा भाव आणि अटक केलेल्यांची संख्या, एवढंच छापून येतं. ज्याच्या आतड्यात ती तयार होते, तो स्पर्म व्हेल त्या बातमीत कुठेच नसतो. आपल्याकडे नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देतात, नव्या होडीची पूजा होते, समुद्राच्या रागालोभाशी आपलं जुनं नातं आहे. त्या नात्यात देवमासा कुठे सुटला, हे मला कळत नाही. दुसरीकडे जाळ्यात अडकलेला संरक्षित जीव जाळं कापून सोडला तर महाराष्ट्रात मच्छीमाराला नुकसानभरपाई मिळते, आणि कोकणातले कितीतरी जण आपलं हजारोंचं जाळं कापतात. माया आटलेली नाही. ती दाखवायची रीत तेवढी आपल्याकडे नाही.

चौथा दिवस

मुई ने कडे जाताना टेकडीवर पो साह इनूचे मनोरे आहेत, चाम या इथल्या जुन्या रहिवासी लोकांनी आठव्या-नवव्या शतकाच्या सुमाराला बांधलेले. लाल विटांची तीन देवळं, वर मोकळं आकाश, खाली समुद्र. मोठ्या मनोऱ्याच्या आत अंधार आणि त्या अंधारात शिवलिंग. घरापासून इतक्या लांब शाळुंकेसकट पिंडी समोर आल्यावर अण्णा एकदम घरच्यासारखे मांडी घालून बसले आणि रुद्रातल्या येतात तेवढ्या ओळी म्हणाले. दाराशी उभ्या असलेल्या दोन चाम बायका ऐकत राहिल्या.

देवमाशाची पूजा व्हिएतनामी कोळ्यांनी या चाम लोकांकडून घेतली असं बरेच अभ्यासक मानतात. चाम लोकांचा लाटांचा स्वामी आहे, पो रियाक. परदेशी विद्या शिकायला गेलेला एक तरुण घरच्या ओढीने, गुरूचं न ऐकता समुद्रमार्गे निघाला, बुडाला, आणि देवमासा झाला अशी त्याची गोष्ट. उत्तरेकडून आलेल्या व्हिएतनामींना हा दक्षिणेचा खवळता समुद्र नवा होता. इथल्यांचा देव त्यांनी आपला केला, त्याला बौद्ध गोष्ट जोडली. करुणेच्या देवीने आपलं वस्त्र फाडून त्याचे तुकडे समुद्रात टाकले, त्यांचे देवमासे झाले, आणि बळ यावं म्हणून त्यांना हत्तीची हाडं दिली. देवमाशासाठी त्यांचा रोजचा शब्द आहे का व्होय, म्हणजे हत्तीमासा.

दुपारी मुई नेचा मासळीबाजार. तिथे काय पाहिलं ते लिहायला बसले तर हात थांबणार नाही, म्हणून सोडून देते.

पाचवा दिवस

सकाळी गाडी करून किनाऱ्याने दक्षिणेला निघालो. तीनेक तासांनी फुओक हाय. कोळ्यांचं गाव, पर्यटकांसाठी इथे फारसं काही नाही. रस्त्यावर सुकत घातलेली मासळी, जाळी विणत बसलेले म्हातारे. गावाजवळ वाळूत देवमाशांचं दफनस्थान आहे.

मला वाटलं होतं भव्य काही असेल. कमान, मधे वेदी, आणि मग वाळूत थडग्यांच्या रांगा. लहान लहान थडगी. बरीचशी तर दोन-तीन हातांचीच. का ओंग या नावात डॉल्फिन आणि त्यांचे लहान भाऊबंदही येतात, आणि किनाऱ्याला लागतात ते जास्त करून तेच. लहान मादीला को म्हणायचं, लहान नराला काउ. नातं तेच, वय कमी. प्रत्येकाच्या डोक्याशी पाटी, उदबत्त्यांच्या काड्यांनी भरलेली वाटी. कुठे बिस्किटाचा पुडा, कुठे फुलं. वाऱ्याने वाळू सारखी सरकत होती आणि कुणीतरी ती नियमाने बाजूला करत असणार, कारण एकही पाटी बुजलेली नव्हती.

ड्रायव्हरने पाट्या वाचून दाखवल्या. तो कोणत्या दिवशी गेला ती तारीख. आणि त्याखाली माणसाचं नाव. ज्याला तो सापडला त्याचं.

अण्णांनी पिशवीतून नारळ काढला. मालगुंडच्या घरचा नारळ विमानात चालेल की नाही या शंकेने त्यांनी तो इथेच, फान थियेतच्या बाजारात घेतला होता. वेदीपुढे ठेवला, हात जोडले, आणि गावातल्या देवळात मानकरी घालतात तसं गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. आयुष्यात कधी त्यांना गाऱ्हाणं घालताना मी ऐकलं नव्हतं.

"बा देवा म्हाराजा, आमच्या किनाऱ्याला तुझं एक लेकरू येऊन गेलं. दोन दिवस आमच्याकडे राहिलं. आमच्या हातून त्याचं काही झालं नाही. जी काय चूकभूल झाली असेल ती पदरात घे रे म्हाराजा."

उत्तर द्यायला तिथे मी एकटीच होते. "होय म्हाराजा," मी म्हणाले. ड्रायव्हरने डोक्यावरची टोपी काढली होती.

नंतर अण्णा प्रत्येक रांगेतून फिरले. ती वही त्यांनी सोबत आणली होती हे मला तेव्हा कळलं. एका थडग्याशेजारी वाळूत बसून त्यांनी खिशातली पट्टी काढली आणि पहिल्या पानापासून शेवटापर्यंत चौथ्या रकान्याच्या उजवीकडे एक रेघ ओढत गेले. पाचवा रकाना. वर लिहिलं: कुणाला सापडला.

तो सगळाच रिकामा होता. रेवदंड्याचा रिकामा, मणप्पाडचा रिकामा. पुळ्याचाही.

रात्री सायगावला हॉटेलवर पोचलो तेव्हा साडेनऊ वाजले होते, म्हणजे आपल्याकडचे आठ. अण्णांनी चपलाही काढल्या नाहीत. पलंगाच्या कडेला बसून गावातल्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन लावला, त्याची होडी आहे.

"अरे, मी मास्तर बोलतोय. हो, परदेशातून. जेवण वगैरे झालं सगळं, ते सोड. मला एक सांग, त्या दिवाळीत पुळ्याला पिल्लू आलं होतं ना, ते सगळ्यात आधी कुणी बघितलं? पहाटे कोण होतं तिथे?"

पलीकडून बराच वेळ काहीतरी बोलणं चाललं होतं. अण्णांनी मला खुणेने पेन मागितलं.

"नक्की माहीत नसेल तर विचारून ठेव," ते म्हणाले. "मी सोमवारी येतोय. आपण त्याच्या घरी जाऊ."